वापसा येईपर्यंत

(महासंघाच्या मेळाव्यात, रोहिणी नक्षत्राच्या आठवड्यात, क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथं छापत आहोत.)



मला आज विषय दिलाय, ‘संकटात देवावरचा भरवसा’. मी तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीच्या वयाची. तुम्ही देवाचं जेवढं केलंय आणि जेवढं सोसलंय, त्याच्यापुढं मी काय सांगणार? पण माझं काम असं आहे की महिन्याला वीस-पंचवीस बैठकांत मी तुमच्यासोबत खाली सतरंजीवर बसते. हिशोब झाला, सह्या झाल्या, चहा आला, की मग खरं बोलणं निघतं. आणि त्या बोलण्यात एक प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो. शब्द वेगळे असतात, प्रश्न तोच असतो. ‘ताई, एकदा संकट आलं तर समजू शकतो. पण तेच तेच पुन्हा का? देव आमचीच परीक्षा किती वेळा घेणार?’

खरं आहे बघा. पहिल्यांदा संकट आलं की सगळं गाव दारात येतं. भावकी येते, माहेरचे येतात, गटातल्या बाया भाकरी घेऊन येतात. दुसऱ्यांदा आलं की थोडे येतात. तिसऱ्यांदा आलं की आपणच कुणाला सांगत नाही. लाज वाटते. लोक म्हणतील, हिचं रोजचंच रडगाणं. मग ती बाई बैठकीला यायचं टाळते, हप्ता कुणाच्या तरी हातून पाठवते. पुढं हप्ताही येत नाही. संकटानं माणूस एवढं थकत नाही, जेवढं ते परत आल्यानं थकतं.

अशा थकलेल्या बाईला आपण काय सांगतो? एक तर सांगतो, ‘देवाच्या मनात असेल तसं होईल, तू गप बस.’ नाहीतर कुणीतरी म्हणतं, ‘देवबिव काही नसतं, काहीतरी कर, लवकर कर.’ पहिल्या सांगण्यानं बाई हात जोडून बसते आणि वेळ निघून जाते. दुसऱ्या सांगण्यानं बाई घाबरून धावत सुटते आणि खड्ड्यात पडते. या दोन्हीच्या मधली एक वाट आहे. ती तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही दरवर्षी जून महिन्यात त्या वाटेनं चालता. त्या वाटेचं नाव वापसा.

आता आठ-दहा दिवसांत मृग निघेल. साधारण ७-८ जूनला मृग नक्षत्र लागतं. समजा, लागल्या लागल्या एक चांगली सर पडली. मातीचा वास सुटला. शेजाऱ्यानं तिफण बाहेर काढली. मग घरात काय चालतं ते मला सांगू नका, मीच सांगते. नवरा म्हणतो, ‘सगळ्यांनी पेरलं, आपणच मागं.’ सासरे म्हणतात, ‘मृगाचा पेरा साधला पाहिजे.’ आणि तुमच्या पोटात गोळा येतो, कारण बियाण्याची पिशवी एकच आहे आणि ती गटाच्या कर्जातून आणलेली आहे.

कृषी विभाग आणि आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. म्हणजे तीन ते चार इंच. का सांगतात? पहिल्या सरीनं वरची दोन बोटं माती भिजते. खाली उन्हाळ्याची धग तशीच असते. बी त्या वरच्या ओलीवर फुगतं, त्याला वाटतं पाऊस आला, ते कोंब काढतं. कोंबाचं मूळ खाली जातं आणि कोरड्या गरम मातीला लागतं. वर आठ दिवस ऊन पडतं. झालं, संपलं. बी वाईट नव्हतं, रान वाईट नव्हतं, देवही कोपलेला नव्हता. फक्त वेळ झालेली नव्हती.

मग दुबार पेरणी. सोयाबीनला एकरी तीसेक किलो बी लागतं. ते पुन्हा आणायचं. पैसे कुठून येतात? तुमच्या कानातलं जातं. शेळी जाते. नाहीतर दारात सावकार येतो.

आता सांगा, चार इंच पावसाची वाट बघणारी बाई देवावर भरवसा ठेवते की हिशोबानं वागते? मला वाटतं, दोन्ही एकच आहे. हिशोब असा की ओल खालपर्यंत गेली पाहिजे. भरवसा असा की ती जाईल, आणि ती जाईपर्यंत लोक हसले तरी मी थांबेन. नुसता हिशोब असेल तर शेजारची तिफण बघून तो डगमगतो. नुसता भरवसा असेल तर तो पहिल्याच सरीला पेरून मोकळा होतो आणि वर म्हणतो, देवाची मर्जी.

आपल्या आज्या पावसाचं माप कुठं बघत होत्या? त्या रानात जायच्या, एक वीत खोल उकरायच्या, मूठभर माती घ्यायच्या आणि वळायच्या. मातीचा गोळाच होत नसेल तर ओल कमी. गोळा होऊन हाताला चिकटत असेल तर ओल जास्त, अजून थांब. गोळा झाला आणि बोटानं दाबल्यावर भुसभुशीत फुटला, की म्हणायच्या, रान वापशावर आलं. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, बी श्वास घेईल. देव वेळ सांगतो म्हणजे आभाळातून आवाज येत नाही. तो मातीतून सांगतो. आपण वाकून, उकरून, हातात घेऊन बघितलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मग किती थांबायचं? थांबण्यालाही शेवट असतो. सोयाबीनची पेरणी साधारण जुलैच्या मध्यापर्यंत चालते. मूग आणि उडीद एवढे थांबत नाहीत. फारच उशीर झाला तर बाजरी, तूर, सूर्यफूल असा विचार करावा लागतो, आणि तो कृषी विभागाला विचारून करायचा. म्हणजे वाट बघणं हेही डोळे उघडे ठेवूनच.

आणि वाट बघणं म्हणजे रिकामं बसणं नाही. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलंय ना? त्यातले न निवडता शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. पाच-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरायला चांगलं. साठ-पासष्टच उगवले तर बी थोडं जास्त लागेल. त्याहून कमी असले तर ते पेरू नका, आत्ताच दुसरं बघा. बियाण्याला पेरणीआधी औषध आणि जिवाणू खत चोळायचं असतं, तेही आणून ठेवा. अंगणात उघड्यावर सरळ उभ्या कडेचा एक डबा ठेवा. पाऊस झाला की पट्टीनं डब्यातलं पाणी मोजा आणि भिंतीवर खडूनं लिहा. पाणी ओतून द्या, पुढच्या पावसाला पुन्हा मोजा, आणि बेरीज करत जा. बाई हे सगळं करते आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावून म्हणते, ‘आता माझ्या हातातलं झालं, बाकीचं तुझ्याकडं.’ ह्याला मी भरवसा म्हणते.

आता थोडं देवाबद्दल. आपला विठोबा कसा उभा आहे? कमरेवर हात ठेवून, विटेवर. का उभा आहे? गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे. देव भेटायला आला तेव्हा पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. त्यानं सेवा सोडली नाही. वीट पुढं सरकवली आणि सांगितलं, यावर उभा राहा, माझं काम होऊ दे. आणि देव उभा राहिला. रागावला नाही, निघून गेला नाही. बायांनो, आपला देवच मुळी वाट बघणारा देव आहे. आणि त्यानं वाट कशासाठी बघितली? माणसाचं हातातलं काम पुरं व्हावं म्हणून. मग ‘काम सोड आणि नुसता माझ्या नावानं बस’ असं तो तुम्हाला कसं सांगेल?

दुसरी आपल्या मराठवाड्याचीच. गंगाखेडची जनाबाई. लहानपणी नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेली. दळण, कांडण, शेण, पाणी, एवढ्या मोठ्या घराचं सगळं काम. तेच काम रोज. आज दळलं तरी उद्या जातं पुन्हा समोर. सांगतात की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला यायचा, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचायचा. या गोष्टीत एक बारीक गंमत आहे. देवाला काय, तो चमत्कार करून दळण संपवू शकला असता. तसं गोष्टीत होत नाही. दळण राहतंच. फक्त जनी आता एकटी दळत नाही. जात्याला दुसरा हात लागलेला आहे.

मला वाटतं, तेच ते संकट पुन्हा येतं तेव्हा देवाची मदत बहुतेक वेळा अशीच येते. दळण संपत नाही, पण खुंट्याला दुसरा हात लागतो. आणि तो हात कुणाचा असतो? गटातल्या बाईचा असतो. तेव्हा ‘देव आला नाही’ असं म्हणायच्या आधी दाराकडं बघा, गटाची अध्यक्ष उभी असेल. आणि तुम्ही स्वतः गटात असाल, तर शेजारणीच्या दारात तुमचीच गरज असेल.

इथं माझ्या मुस्लिम बहिणी बसल्या आहेत. त्यांच्यातल्या एका आपानं मला उंटाची गोष्ट सांगितली होती. आधी उंट बांधून ठेव, मग अल्लाहवर भरवसा ठेव, एवढीच गोष्ट. माझ्या बौद्ध बहिणी म्हणतील, आम्ही देवाची वाट बघत नाही, आम्ही आपल्या प्रयत्नावर चालतो. बरोबर आहे. ताई, तुम्ही देव या शब्दाच्या जागी धीर हा शब्द घ्या. पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

आता मोठा प्रश्न. देव वाट दाखवतो म्हणजे नक्की कशी? मी बैठकांत बसून बसून तीन खुणा शिकले आहे. त्या तुमच्याच आहेत, मी फक्त परत सांगते.

पहिली खूण, मागची वही. संकट पुन्हा आलं म्हणजे आपण त्या वाटेनं एकदा गेलेलो आहोत. मागच्या वेळी काय केलं होतं? कुणाकडून किती घेतलं, कधी फिटलं, काय केलं ते चुकलं, काय केलं ते तारलं? आपल्याला वाटतं सगळं आठवतं, पण घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही. लिहिलेलं असेल तर वही आठवण देते.

दुसरी खूण, चारचौघींचं बोलणं. एकटीच्या डोक्यात रात्री दोन वाजता जे खरं वाटतं, ते दुपारी गटात बोललं की वेगळं दिसतं. म्हणून आपण पंचसूत्रीत पहिलं नाव बैठकीचं घेतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. बचतीच्या आधी बैठक आहे. ते उगाच नाही.

तिसरी खूण, घाई. कुणी म्हणत असेल, ‘आजच अंगठा दे, उद्या मिळणार नाही,’ तर तिथं थांबा. जी गोष्ट तुम्हाला एक रात्रही विचार करू देत नाही, ती बहुतेक देवानं पाठवलेली नसते. माणसानंच पाठवलेली असते आणि त्यात त्याचा फायदा असतो.

जरा आकडा मांडू. सावकार शेकडा पाचनं देतो, म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. वीस हजार घेतले तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांत दहा हजार गेले आणि मुद्दल वीसच्या वीस उभं. तेच गटातून शेकडा दोननं घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज चारशे, आणि मुद्दल फिटत जाईल तसं तेही उतरतं. शिवाय ते व्याज आपल्याच पेटीत येतं. फरक फक्त एवढाच की सावकार रात्री देतो आणि गट बैठकीला देतो. त्या चार-सहा दिवसांचा धीर नाही, म्हणून वर्षभराचं व्याज. आणि लक्षात ठेवा, महाराष्ट्रात सावकारीचा कायदा आहे, २०१४ चा. परवाना नसताना सावकारी करता येत नाही. कुणी जमीन लिहून मागत असेल, धमकावत असेल, तर तालुक्याला सहकार खात्याचे सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक असतात, त्यांच्याकडं तक्रार करता येते. एकटीनं जाऊ नका, गट म्हणून जा.

दारात आणखी एक माणूस येतो. तो सांगतो, ‘तुझ्या घरावर कुणीतरी केलंय, म्हणून संकट परत परत येतं. एवढे पैसे दे, उतरवतो.’ आणि मग बोट दाखवतो एखाद्या विधवा जावेकडं, नाहीतर शेजारच्या म्हातारीकडं. देवाची वाट दुसऱ्या बाईच्या अंगावरून जात नाही, एवढं पक्कं धरा. अशा माणसांसाठी २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आता मी जे सांगणार आहे ते कृपा करून नीट ऐका, मागच्या ओळीतल्या ताईंनीसुद्धा. वापशाची वाट पेरणीला बघायची. सगळ्याला नाही.

साप चावला तर वापसा बघायचा नाही. १०८ ला फोन, गाडी, दवाखाना. बाळंतपणात अंगावरून जास्त जायला लागलं, छातीत दुखायला लागलं, लेकराला ताप चढून झटके आले, तर देवाची वेळ आत्ताची आहे.

नवरा मारतो आणि बाई म्हणते, ‘देव बघतोय, एक दिवस सुधारेल.’ ताई, देव बघतोय हे खरं असेल, तर तो हेही बघतोय की तुम्ही कुणाला सांगितलं नाही. सोसत राहणं ही भक्ती नाही. आज मार खाल्ला, उद्या पाया पडला, आठ दिवसांनी पुन्हा मार. हे परत परत येणारं संकट देवानं पाठवलेलं नाही, ते माणूस करतोय, आणि माणसाला थांबवता येतं. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. महिलांसाठी १८१ नंबर आहे, पोलिसांसाठी ११२. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात. फोन करायची भीती वाटली तर गटाच्या अध्यक्षांना सांगा, सीआरपीला सांगा, मला सांगा. आम्ही सोबत येतो.

आणि अठराच्या आतल्या लेकीचं लग्न. ‘चांगलं स्थळ आलं, देवानंच धाडलं,’ असं म्हणून उरकायचं नाही. तिची वेळ झालेली नाही. कोरड्या मातीत बी टाकल्यासारखं आहे ते. मुलांसाठी १०९८ नंबर आहे.

म्हणजे भरवसा ठेवणाऱ्या बाईला दोन गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत, कुठं थांबायचं आणि कुठं क्षणभरही थांबायचं नाही. ही ओळख मिळावी म्हणून तर देवाकडं बुद्धी मागायची. मी कुणाला नवस करू नका म्हणत नाही. पण नवसात नारळाबरोबर थोडी ही बुद्धीही मागा.

आता तुमच्या मनातला शेवटचा प्रश्न. ‘ताई, सगळं नीट केलं, थांबलो, मोजलं, गटाला विचारलं, तरी पाऊस नाहीच आला तर?’

येणार नाही असंही होतं. मी खोटं सांगणार नाही. आपल्या एका गावातल्या ताईंकडं दोन वर्षं लागोपाठ दुबार पेरणी झाली. तिसऱ्या वर्षी त्या थांबल्या. गाव पेरून मोकळं झालं, ह्यांचं रान नऊ दिवस तसंच. घरातले बोलले, बाहेरचे हसले. नऊ दिवसांनी चांगला पाऊस झाला आणि त्यांनी पेरलं. पीक उभं राहिलं. इथं गोष्ट संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण काढणीच्या वेळी भाव पडला. हातात फार काही आलं नाही. मी विचारलं, ‘मग काय उपयोग झाला थांबून?’ त्या म्हणाल्या, ‘यंदा कर्ज एकदाच काढलं.’

एवढंच. पण ज्या घरात दोन वर्षं दोन-दोनदा कर्ज निघालं, त्या घराला विचारा ‘एकदाच’ या शब्दाची किंमत.

तुकोबांच्या काळात, साधारण १६३० च्या सुमाराला, मोठा दुष्काळ पडला होता. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. त्यांचा विठोबावरचा भरवसा कमी होता म्हणून असं झालं का? कोण म्हणेल असं? गेलेलं माणूस त्यांना परत मिळालं नाही. पण असं सांगतात की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. लोकांकडून जे येणं होतं, ते सोडलं. ज्यानं स्वतः दुष्काळ भोगला, त्यानं दुसऱ्याच्या गळ्यातला फास काढला. (तुम्ही गटाची वही नदीत सोडू नका हं! ती बुडाली तर आपण सगळ्याच बुडू.) देवाशी भरवसा हा सौदा नाही. मी एवढं केलं, आता तू एवढं दे, असं त्यात नसतं. भरवसा असतो तो यासाठी की वाईट दिवसातही माझं मन वाईट होऊ नये, आणि मी दुसरीच्या उपयोगी पडावी.

आणि संकट तेच असलं तरी दरवेळी आपण त्याच नसतो. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ पडला. तुमच्यातल्या आज्यांनी तेव्हा खडी फोडलेली आहे. त्या खडीवरच्या कामांतून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढं २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. १९७२ ला पोटाला नव्हतं, २०१६ ला प्यायला नव्हतं. दुष्काळ पुन्हा आला, तरी दरवेळी माणसं काहीतरी नवीन शिकून उभी राहिली. तुमच्या घरातही बघा. मागच्या वेळी संकट आलं तेव्हा तुमच्या नावावर बँकेत खातं होतं का? सही येत होती का? बीडीओ साहेबांच्या दारात बोलायची हिंमत होती का? संकट परत आलं, पण त्याला आता दुसरीच बाई भेटली.

म्हणून जाताना चार कामं देते. कामाशिवाय मी तुम्हाला सोडत नाही, माहीत आहे तुम्हाला.

एक. या आठवड्यात प्रत्येक शेतकरी घरात शंभर दाण्यांची परीक्षा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला आकडा सांगायचा.

दोन. बाहेरून कर्ज घ्यायची वेळ आली तर सही करायच्या आधी गटाला सात दिवस द्यायचे. गटानंही सात दिवसांत उत्तर द्यायचं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, ऐकताय ना? बाईनं धीर धरायचा तर गटानं तिला ताटकळत ठेवायचं नाही. पेरणीच्या महिन्यात तातडीची बैठक लावावी लागली तर लावा.

तीन. इतिवृत्ताच्या वहीची शेवटची चार पानं मोकळी ठेवा. वर लिहा ‘मागच्या वेळी’. कोणतं संकट आलं, कधी आलं, काय केलं, काय झालं. चार ओळी पुरेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीनं लिहायचं. पुढच्या वेळी ही पानं उघडायची.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक गटानं आपली ती एक बाई शोधायची, जिच्या घरी तेच संकट तिसऱ्यांदा आलंय आणि जी आता बैठकीला येत नाही. तिच्याकडं हप्ता मागायला जाऊ नका. बसायला जा. दोघी जा. तिच्या घरी काम पडलेलं असेल तर हात लावा. ती रडली तर रडू द्या, ‘देवाची मर्जी’ असं पटकन बोलून तिला गप करू नका. निघताना फक्त सांगा, पुढची बैठक अमुक दिवशी, अमुक वेळेला, तुझी जागा आम्ही धरून ठेवतो.

यंदा पाऊस कसा असेल ते मला माहीत नाही. तुमच्या हातात माती आहे, ती वळून बघा. गोळा भुसभुशीत फुटला की मग कुणासाठी थांबू नका, तिफण काढा.

सगळ्यांच्या रानाला वेळेवर वापसा येवो.